तीन फोन, उत्तर नाही

ताई : ...आणि त्या कागदाला हात लावू नकोस. राहू दे तिथंच, ट्रेमध्ये.

डॉक्टर : अगं, सहीच तर करायची आहे. दोन मिनिटांचं काम. आणि हा ट्रे कसला?

ताई : शौचाची सॅम्पलं ठेवतो तो.

डॉक्टर : ताई!

ताई : ओरडू नकोस. ट्रे धुतलेला आहे, स्वच्छ आहे. कागदाबद्दल मी काही बोलत नाही.

डॉक्टर : हे बघ, तू चिडलेली दिसतेस. काय झालं ते नंतर बोलू. पाचच्या आत मला सगळं पाठवायचंय. लेख स्वीकारलाय त्यांनी, फक्त लॅबप्रमुखाची सही राहिलीय. रक्ताचे आकडे खरे आहेत, एवढंच लिहिलंय वर. खरेच आहेत ना? तूच काढलेत.

ताई : आकडे खरे आहेत. माझ्या मशीनचे आहेत, खरेच असणार.

डॉक्टर : मग झालं तर. पेन देऊ?

ताई : सव्वीस वर्षं या खोलीत बसतेय मी, छोट्या. थुंकी, लघवी, पू, काय काय नाही हाताळलं. कधी नाक मुरडलं नाही. नवीन मुली पहिल्या दिवशी ओकतात, त्यांना पाणी देते आणि त्यांच्या वाटचं सॅम्पलही मीच करते. पण आज सकाळी अकरा वाजता तुझा हा कागद वाचला. तेव्हापासून डबा उघडलासुद्धा नाही. शी!

डॉक्टर : छोट्या म्हणू नकोस इथं. बाहेर ऐकू जातं.

ताई : मग काय म्हणू? सर्जनसाहेब? नाक पुसायला शिकवलंय तुला मी.

डॉक्टर : बरं, बोल. काय चुकलं कागदात?

ताई : आधी मला तुझा तो रक्तावरून काढायचा गुण समजावून सांग. वरच्या मजल्यावर पेशंटच्या नातेवाइकांना सांगतोस ना, तसा.

डॉक्टर : तुला माहीत आहे.

ताई : तरी सांग. मी नातेवाईकच आहे.

डॉक्टर : काय पोरखेळ आहे... बरं. लिव्हरची गाठ काढायच्या आदल्या दिवशीचं रक्त घ्यायचं. त्यातले चार आकडे. अल्ब्युमिन, प्लेटलेट, पांढऱ्या पेशींतल्या दोन प्रकारांचं एकमेकांशी प्रमाण, आणि गाठ असली की रक्तात वाढतो तो मार्कर. चारही जुळवले की एक गुण निघतो. हिरवा, पिवळा किंवा लाल. हिरवा म्हणजे गाठ इतक्यात परत यायची भीती कमी, तेव्हा पहिला स्कॅन सहा महिन्यांनी. लाल असेल तर दोन महिन्यांनी. स्कॅनची रांग केवढी असते, तू रोज बघतेस. ज्याला खरी गरज आहे त्याचा नंबर आधी लागावा, एवढंच. एका ट्यूबभर रक्तात काम होतं. वाईट आहे का हे?

ताई : वाईट कोण म्हणतंय? कल्पना चांगलीच होती. म्हणून तर तीन वर्षं सकाळी सातला येऊन तुझी सॅम्पलं सगळ्यांच्या आधी लावली. माझा भाऊ काहीतरी चांगलं करतोय म्हणून छाती फुगवून फिरत होते मी कॉरिडॉरमधून. आता शेवटचं पान उघड. ट्रेमधून उचलू नकोस, तिथंच उघड. वर काय लिहिलंय?

डॉक्टर : 'वगळलेले'.

ताई : किती?

डॉक्टर : दोनशे चौदांपैकी सतरा.

ताई : कारण?

डॉक्टर : लिहिलंय की समोर.

ताई : मोठ्यानं वाच.

डॉक्टर : 'तीन फोन, उत्तर नाही. संपर्क तुटला.' ताई, हा जगभरचा नियम आहे. लोक घर बदलतात, नंबर बदलतात, कंटाळतात. ज्याचं पुढं काय झालं तेच कळत नाही, त्याला हिशेबात धरता येत नाही. तीन वेळा फोन करायचा, नाही उचलला तर ओळ बाजूला. यात माझ्या मनाचं काही नाही.

ताई : त्रेसष्ट नंबरची ओळ वाच.

डॉक्टर : नावं नाहीयेत त्यात. गुप्तता पाळावी लागते.

ताई : नावं नाहीत ते मला दिसतंय. आकडे वाच.

डॉक्टर : ...अल्ब्युमिन चार पूर्णांक एक. प्लेटलेट एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार. ताई, प्लीज.

ताई : का? जीभ अडखळली? मग मी सांगते पुढचं. सकाळी सात वाजून दहा मिनिटांचं सॅम्पल. डाव्या हातातून घेतलेलं, कारण उजवा हात वेल्डिंगच्या ठिणग्यांनी भाजलेला होता आणि शीर सापडत नव्हती. सुई टोचली तेव्हा पेशंट म्हणाला, सुईचं काही नाही गं, तुझा चेहरा बघून धडकी भरते. मी म्हटलं, तोंड बंद ठेव नाहीतर दुसऱ्यांदा टोचीन. आणि दुपारी आकडा आला तेव्हा मी जिना चढून वॉर्डात गेले आणि त्याला सांगितलं, चार पूर्णांक एक, पैलवान आहेस लेका. नावं काढलीस आणि निर्धास्त झालास ना? अरे, या खोलीत माणसाला नाव नसतंच. सव्वीस वर्षं मी आकड्यांवरूनच माणूस ओळखते. आणि माझाच नवरा मी ओळखणार नाही?

डॉक्टर : मला वाटलं होतं, तू शेवटचं पान बघणार नाहीस.

ताई : हे बरं आहे. चुकलं म्हणत नाहीस. बघणार नाहीस असं वाटलं म्हणतोस.

डॉक्टर : तसं नव्हतं म्हणायचं मला.

ताई : तू खांदा दिलास त्याला. पुढून डावीकडचा. रस्ताभर रडत होतास, लोक मला सोडून तुला सावरत होते. आणि त्याच माणसाच्या पुढं लिहिलंस, संपर्क तुटला? लिहिताना हात झडला नाही तुझा?

डॉक्टर : फोन केले होते, ताई. खोटं नाहीये ते. तीन फोन खरंच केलेत.

ताई : माहीत आहे मला. हा बघ. ओळखतोस ना हा फोन?

डॉक्टर : भाऊजींचा... अजून चालू आहे?

ताई : चालू ठेवलाय. या इमारतीतली दोन नंबरची लिफ्ट बघ कधी मान वर करून. बटणांच्या वर त्याचा स्टिकर आहे. 'लिफ्ट अडकल्यास या नंबरवर फोन करा.' अशा चाळीसएक इमारती आहेत. सगळीकडचे स्टिकर कोण काढत बसणार? अजून येतात फोन. मी सांगते, तो नाही आता, नव्या माणसाचा नंबर घ्या. घाबरलेली असतात बिचारी. तू रोज त्या लिफ्टनं जातोस. रोज त्याचा नंबर तुझ्या नाकासमोर असतो.

डॉक्टर : मी जिन्यानं जातो हल्ली.

ताई : हो का? बरं वाटलं ऐकून. निदान एवढी तरी शरम आहे.

डॉक्टर : टोमणे मार हवे तेवढे.

ताई : टोमणे नाहीत, विचारतेय. हे तीन फोन बघ. तीन मंगळवार. दहा वाजून पाच, दहा वाजून दोन, दहा वाजून नऊ. वरच्या मजल्यावरच्या तुमच्या खोलीचा नंबर. सकाळी दहाला माझे दोन्ही हात ट्यूबांत असतात आणि मोबाइल बाहेर लॉकरमध्ये असतो, हे तुला माहीत नव्हतं? संध्याकाळी बघितले तेव्हा मी म्हटलं, असेल कुठल्या तपासणीची आठवण, यंत्रं करतात हल्ली असले फोन. तुझ्यावर संशय घ्यायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

डॉक्टर : फॉर्मवर पेशंटचा जो नंबर आहे तोच लावायचा असतो.

ताई : मेलेला माणूस फोन उचलत नाही, छोट्या. डॉक्टर आहेस ना तू? आणि हा माणूस! ज्यानं जन्मात कधी दुसरी रिंग वाजू दिली नाही. घास तोंडात असला तरी पहिल्या रिंगला उचलायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला, 'बोला, आत किती माणसं आहेत?' त्याच्यापुढं तू लिहितोस, उत्तर नाही. शी शी शी! मला किळस येते तुझी. तोंडावर सांगते.

डॉक्टर : ऐकून घेशील माझं?

ताई : ऐकतेय.

डॉक्टर : पहिली ओळ भाऊजींचीच काढली मी. फसवायला नाही, ताई. मला बघवत नव्हती ती. फाइल उघडली की नजर तिथंच जायची. गुण हिरवा, आणि पुढं मृत्यूची तारीख. मीच सांगितलं होतं त्यांना, हिरवे आहात, सहा महिन्यांनी या. एक दिवस म्हटलं, ही ओळ नको आता. तारीख खोडली. खूप रडलो त्या दिवशी.

ताई : आणि दुसरी?

डॉक्टर : काय दुसरी?

ताई : दुसरी ओळ काढलीस तेव्हा काय करत होतास? रडत होतास?

डॉक्टर : ...चहा पीत होतो.

ताई : अस्सं.

डॉक्टर : एक काढल्यावर आकडे किती सुधारले ते दिसलं ना. मग...

ताई : मग चटक लागली. मी सकाळी रजिस्टर काढून बसले. सतरांतले सहा खरंच सापडत नाहीत. कुठं गेले कोण जाणे, मान्य. उरलेले अकरा. अकराही हिरवे. अकराही जणांचं शेवटचं सॅम्पल आयसीयूतून आलेलं, आणि त्यानंतर एकही नाही. ही एकशे दोन, शिवणकाम करणारी बाई. तिच्या प्लेटलेट ट्यूबमध्ये एकमेकींना चिकटायच्या, मशीन उगाच कमी दाखवायचं. मी दोन वेळा वेगळ्या ट्यूबमध्ये घेतलं रक्त, स्लाइडवर स्वतः मोजल्या, तेव्हा कुठं खरा आकडा मिळाला. एवढी उस्तवार केली तिच्या आकड्याची. आणि तू तिला पुसून टाकलीस. हिचे, त्याचे, सगळ्यांचे मृत्यूचे दाखले याच इमारतीत पहिल्या मजल्यावर तयार झाले. दोन जिने उतरायचे कष्ट नव्हते तुला. फोन करत होतास म्हणे!

बाई : येऊ का आत? सर इथं आहेत असं कळलं. फोनचं रजिस्टर आणलंय, सर. तुम्ही म्हणाला होतात, पाच वाजायच्या आत लॅबच्या सहीशेजारी माझीही सही लागेल.

डॉक्टर : बाई, नंतर या. आम्ही बोलतोय.

ताई : नंतर कशाला? या बाई, बसा. तुमच्याशीच बोलायचंय मला. पेशंटना फोन तुम्हीच करता ना?

बाई : हो, मीच. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाले ना मी, तेव्हापासून इथंच. आवाज चांगला आहे म्हणतात. तसा फार मनापासून करते बरं का मी. कार्डावर लिहून दिलंय तेवढंच विचारायचं असतं, पण माणसं बोलतात हो, मी ऐकून घेते.

ताई : पेशंटनं नाही उचलला तर?

बाई : फॉर्मवर दोन नंबर असतात. एक पेशंटचा, दुसरा घरच्यांचा. पेशंटनं नाही उचलला की घरच्यांना लावायचा. बहुतेक वेळा सून नाहीतर बायकोच उचलते.

ताई : आणि या सतरा जणांचं काय झालं? यांच्या घरी नाही लावलात?

बाई : हे ना? यांची सरांनी वेगळी यादी दिली होती. तिच्यात एकेकच नंबर होता. मी विचारलं पण, सर, घरचे नंबर नाहीत का? सर म्हणाले, एवढेच आहेत. हो की नाही, सर?

डॉक्टर : बाई, तुमचं काम झालं. रजिस्टर ठेवा आणि जा.

ताई : झालं नाही. बाई, यातले अकरा जण गेलेत. फोन केलात त्याच्या कितीतरी आधी.

बाई : गेलेत म्हणजे... वारले?

ताई : हो.

बाई : नाही हो. असं कसं होईल? मी... मी वारलेल्या माणसांना फोन केले? तीन-तीनदा?

ताई : तुमचा दोष नाही.

बाई : थांबा हो, थांबा. एकानं उचलला होता. उचलला होता! लहान मुलीचा आवाज होता. मी म्हटलं, बाळ, बाबांना दे जरा. ती म्हणाली, बाबा नाहीत. मला वाटलं, बाहेर गेले असतील. मी म्हटलं, बरं, आले की सांग हं हॉस्पिटलचा फोन होता. अरे देवा! आले की सांग म्हटलं मी तिला. आणि फोन ठेवल्यावर सरांना विचारलं, याचं काय लिहू? तर सर म्हणाले, पेशंट स्वतः बोलले नाहीत ना, मग 'उत्तर नाही' असंच लिहा.

ताई : ऐकलंस? तोंड वर कर, छोट्या. ऐकलंस काय केलंस ते?

डॉक्टर : ऐकलं.

ताई : मला वाटलं होतं, याहून घाण आता काही निघायचं नाही या कागदातून. बाई, पाणी घ्या. त्या बाटलीतलं, हो, पिण्याचंच आहे.

डॉक्टर : तुम्हा दोघींना एक गोष्ट कळत नाहीये. हे अकरा परत घातले तर काही उरत नाही. गाठ परत आलेला एक आणि न आलेला एक अशा जोड्या घेतल्या, तर आत्ता शंभरांत ब्याऐंशी वेळा गुण बरोबर माणूस ओळखतो. अकरा घातले की एकसष्ट. मी करून बघितलंय.

ताई : नाणं उडवलं तरी पन्नास येतात.

डॉक्टर : तेच तर! तीन वर्षांचं काम आहे, ताई. एकशे सत्त्याण्णव माणसांत बरोबर ठरलंय ते. अकरा जणांसाठी सगळ्यावर पाणी सोडू? आणि ते अकरा काही परत येणार आहेत का?

ताई : ते नाही येणार. पाच नंबरच्या खाटेवरचा अजून आहे.

डॉक्टर : कोण?

ताई : बसड्रायव्हर. गेल्या आठवड्यात ज्याची गाठ काढलीत तो. उद्या घरी सोडताय त्याला. त्याचं रक्त मीच केलं, हिरवा आलाय. सकाळी नऊला त्याची बायको माझ्या खिडकीशी आली. म्हणाली, ताई, सर म्हणाले हिरवा आहे, आता सहा महिने काळजी नाही ना? मी हो म्हटलं. हसून हो म्हटलं रे मी! आणि दोन तासांनी तुझा कागद वाचला. आता पुढच्या महिन्यापासून हा नियम सगळीकडे लागणार, या हॉस्पिटलात आणि आणखी कुठं कुठं. हिरवा म्हटलं की सहा महिने कुणी बघणार नाही त्याच्याकडे. माझ्या नवऱ्याकडे नाही बघितलं तसंच. त्या बाईला मी काय सांगू? तू सांग. तुझ्या शंभरांत ब्याऐंशीतलं काय सांगू?

डॉक्टर : मला नाही माहीत.

ताई : मला माहीत आहे. मी या कागदावर सही करत नाही. मी केली नाही तर तू वरच्या लॅबमधून कुणाची तरी आणशील, हेही माहीत आहे. तेव्हा एक कर. चौथा फोन लाव.

डॉक्टर : कुठं?

ताई : त्रेसष्टला. नियम तुझाच आहे ना, कुणी उचलला आणि काय झालं ते सांगितलं, की ओळ आत येते? मग लाव. बाई, कार्ड आहे का तुमच्याकडे, विचारायच्या प्रश्नांचं?

बाई : आहे की. हे घ्या. मी लावू का?

ताई : नाही. हा लावेल. आणि कार्डावरचं वाचेल. एक शब्द इकडचा तिकडं नाही.

डॉक्टर : हा काय तमाशा मांडलायस? तू समोर बसलीयेस माझ्या.

ताई : समोर होतेच मी, कायम. दोन मजले खाली. लाव.

डॉक्टर : ताई, मी ओळ घालतो परत. शपथ. फोन नको.

ताई : तुझ्या शपथेला आत्ता काडीची किंमत नाही. नंबर आठवत नसेल तर लिफ्टमध्ये जाऊन बघून ये.

डॉक्टर : आठवतो.

(काउंटरवर, रिकाम्या ट्यूबांच्या स्टँडशेजारी, लिफ्टवाल्याचा जुना फोन वाजतो. दुसरी रिंग होत नाही.)

ताई : बोला, आत किती माणसं आहेत?

डॉक्टर : हे तर भाऊजींचं...

ताई : सवय. कार्ड वाच.

डॉक्टर : नमस्कार. मी हॉस्पिटलमधून बोलतोय. पेशंट... पेशंट स्वतः बोलत आहेत का?

ताई : नाही.

डॉक्टर : आपलं पेशंटशी नातं काय?

ताई : बायको.

डॉक्टर : पेशंट हयात आहेत का?

ताई : नाही. वारला.

डॉक्टर : तारीख सांगता का?

ताई : चौदा मार्च. गुरुवार होता. दुपारी दोन चाळीस. ऑपरेशननंतर सातवा महिना. लिहितोयस ना?

बाई : मी लिहितेय, ताई.

ताई : तुम्ही नाही. त्याच्याकडे पेन द्या.

डॉक्टर : ...लिहिलं. शेवटच्या... ताई, हे नको.

ताई : काय आहे पुढं कार्डावर?

बाई : शेवटच्या काळात काय त्रास होता आणि तो केव्हापासून, असं आहे.

ताई : विचार मग.

डॉक्टर : शेवटच्या काळात काय त्रास होता? केव्हापासून?

ताई : उजवा खांदा दुखायचा. तिसऱ्या महिन्यापासून. लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम करतो, म्हणून दुखत असेल असं त्याला वाटायचं. लिव्हरमध्ये परत काही उगवलं तर खांद्यात कळ येऊ शकते, हे मला नंतर वाचून कळलं. त्यानं डॉक्टरांना विचारलं होतं. घरातच होते डॉक्टर, त्याचे मेहुणे. आमच्याकडे जेवायला आले होते. यानं शर्ट बाजूला करून खांदा दाखवला. मेहुण्यांनी नुसतं दाबून बघितलं आणि म्हणाले, अहो, तुम्ही हिरवे आहात, जड उचलू नका, मलम लावा. मी तीन महिने मलम लावत होते.

डॉक्टर : ताई...

ताई : लिही. 'मलम' लिही. 'मेहुणा' पण लिही.

डॉक्टर : लिहितोय.

बाई : सर, शाई पसरतेय. पाणी पडतंय कागदावर.

ताई : पडू दे. वाचता आलं म्हणजे झालं. संपलं कार्ड?

डॉक्टर : एक ओळ राहिलीय. ती फोन ठेवतानाची आहे. 'वेळ दिल्याबद्दल आभार. आपल्या माहितीचा पुढच्या रुग्णांना उपयोग होईल.'

ताई : होईल का?

डॉक्टर : होईल. ...बाई, तिसऱ्या मजल्यावर लावता का जरा? सिस्टरना सांगा, पाच नंबरच्या खाटेच्या डिस्चार्जच्या कागदावर स्कॅनपुढं सहा महिने लिहिलंय, ते खोडा म्हणावं. दोन करा. मी येतोय सही करायला. आणि जर्नलला आज काही पाठवायचं नाहीये.

बाई : लावते. लगेच लावते. पण सर, त्या मुलीचं घर... तिथं मी करू का फोन? मला तिच्या आईशी बोलायचंय.

ताई : नाही, बाई. तोही हाच करेल. तुम्ही फक्त घरच्यांचे नंबर काढून द्या, जुन्या फॉर्मवरचे.

डॉक्टर : जाऊ का मी वर, ताई?

ताई : आधी वरची सही करून ये. मग इथंच ये, या टेबलाशी. हात धू येताना. आणि कार्ड घेऊन जाऊ नकोस, अजून दहा आहेत.